लक्षद्वीपला विमानाने पहिल्यांदा जाताय? अगत्ती विमानतळाबद्दल सगळं एकदाच

लक्षद्वीपचं ठरलं की लोक पहिलं काय करतात तर मोबाईलवर तिकिटाचे रेट बघतात, स्वस्त दिसलं की पटकन बुक करून टाकतात, आणि मग कोणीतरी सांगतं की अहो तिथे परमिट लागतं, की पळापळ सुरू. इथे क्रम उलटा ठेवायचा. आधी राहायची सोय, मग परमिट, मग तिकीट, आणि परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा. एवढं डोक्यात ठेवलं तर बाकीचं सोपं आहे.

आधी जागा समजून घ्या. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं, त्यातल्या १० बेटांवर वस्ती, सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. राजधानी कवरत्ती, पण विमान उतरतं ते फक्त अगत्तीला. हे खूप जणांना माहीत नसतं, लोक "कवरत्तीचं फ्लाइट" शोधत बसतात आणि मिळत नाही म्हणून वैतागतात. अगत्ती हे लांबट चिंचोळं बेट आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला धावपट्टी. १९८८ साली हा विमानतळ सुरू झाला तेव्हा इथे वायुदूत या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं छोटं डॉर्नियर विमान यायचं (वायुदूत आठवत असेल तर तुमचं वय कळलं). धावपट्टी साधारण १२०० मीटरची. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अंदाज येईल. त्यामुळे बोईंग, एअरबस वगैरे इथे विसरा, पंख्याची एटीआर विमानं येतात, आणि लगेजपासून लेट होण्यापर्यंत पुढे जे काही सांगणारे ना, त्यातलं निम्मं या आखूड धावपट्टीमुळेच आहे.

कधी जायचं

ऑक्टोबर ते साधारण मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. पावसाळ्यातही विमानं असतात आणि तिकीट स्वस्त दिसू शकतं, पण समुद्र खवळलेला असतो, छोट्या बोटी बंद असतात, अगत्तीजवळच्या बंगारम-तिन्नकरा बेटांवर जाता येत नाही, आणि मग तुम्ही होमस्टेच्या पडवीत बसून पाऊस बघणार. पाऊस कोकणात पण बघता येतो, त्यासाठी एवढ्या लांब कशाला.

राहायचं आणि परमिट, हे एकत्रच करायचं

लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या माणसाला प्रवेशासाठी परवाना लागतो, भारतीय असलात तरी. १९६७ चे नियम आहेत, तिथल्या स्थानिक लोकांच्या आणि बेटांच्या संरक्षणासाठी केलेले, त्यामुळे "आपल्याच देशात परमिट कशाला" हा वाद काउंटरवरच्या पोरीशी घालू नका, तिच्या हातात काही नाही. अर्ज ऑनलाइन होतो, लक्षद्वीप प्रशासनाचं ई-परमिट पोर्टल आहे. पण खरं सांगायचं तर बहुतेक टुरिस्टचं परमिट त्यांचा होमस्टेवाला किंवा नोंदणी असलेला टूर ऑपरेटरच काढून देतो. दुसरा रस्ता म्हणजे 'स्पोर्ट्स' नावाची प्रशासनाचीच संस्था आहे, तिची पॅकेजेस घ्यायची, त्यात परमिट वगैरे येतंच. नाव स्पोर्ट्स असलं तरी काम पर्यटनाचं आहे, गोंधळू नका.

अर्जाला काय काय लागतं: आधार किंवा दुसरं ओळखपत्र, फोटो, कुठे राहणार त्याची माहिती, आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला. हे शेवटचं वेळ खातं. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन करता येतो, पण नंतर व्हेरिफिकेशन तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनमधून होतं आणि ते किती दिवसात होईल हे स्टेशनवर अवलंबून. प्रवासाच्या महिनाभर आधी हे काम लावून टाका. घरातल्या प्रत्येकाला वेगळं लागणार का, मुलांचं काय, हे आधी ऑपरेटरला विचारा, कारण या गोष्टी अधूनमधून बदलत असतात आणि मागच्या वर्षी जाऊन आलेल्या भाचीने सांगितलेलं या वर्षी लागू असेलच असं नाही.

परमिटमध्ये दोन गोष्टी नीट वाचा. एक, बेटांची नावं. परवाना बेटाबेटाचा मिळतो. अगत्तीचं परमिट आहे म्हणून उठून कवरत्तीला जाता येत नाही, कवरत्ती लिहिलेलं पाहिजे. बंगारमला दिवसभरासाठी जायचा विचार असेल तरी आधीच सांगून ठेवा. दोन, नावाचं स्पेलिंग. आधार, तिकीट आणि परमिट, तिन्हीकडे सारखं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धत, मग एका कागदावर तीन नावं, दुसऱ्यावर दोनच, आणि काउंटरवर चर्चासत्र.

एक इशारा. "परमिट होऊन जाईल, तुम्ही आधी पैसे भरा" असं म्हणणारे एजंट खूप आहेत आणि त्यातले सगळे नोंदणी केलेले नसतात. परमिट हातात कधी येणार ते लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. आणि तिकीट शक्यतो तारीख बदलता येईल असं घ्या.

कुठून उडायचं

वर्षानुवर्षं एकच रस्ता होता, कोची. अलायन्स एअरचं विमान कोचीहून अगत्तीला जायचं आणि सीट मिळणं म्हणजे नशीब. २०२४ पासून चित्र बदललंय. इंडिगोने त्या वर्षी मार्चअखेरीस बंगळुरूहून एटीआर सुरू केली, नंतर कोचीहून पण. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे फ्लाय ९१ ही गोव्यातली कंपनी, तिने मार्च २०२४ मध्ये मोपाहून अगत्ती चालू केलं. मोपा म्हणजे पेडण्यात, बांद्यापासून जवळ, त्यामुळे सिंधुदुर्ग-कोल्हापूर-बेळगावकडच्यांना तर हे कोचीपेक्षा कितीतरी सोयीचं. मुंबईकरांनी तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीला उतरावं, तिथून रिक्षा-टॅक्सी. पण रेल्वेचा भरवसा धरून त्याच दिवशीचं विमान पकडू नका, आदल्या दिवशी पोचा.

इथे एक खड्डा आहे. गोव्यात दोन विमानतळ. दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ, मोपा उत्तरेला, दोघांमध्ये पाऊण ते दीड तासाचा रस्ता आणि पर्वरीत ट्रॅफिक लागलं तर विचारू नका. मुंबईहून गोव्याला विमानाने येणार असाल तर ते दाबोळीला उतरतंय की मोपाला हे बघा. तिकिटावर मोपाचा कोड जीओएक्स असतो, दाबोळीचा जीओआय. एका अक्षराचा फरक आहे, पण टॅक्सीला मोजावं लागतं.

कोचीमार्गे जाणार असाल तर विमानतळ नेदुम्बास्सेरीला आहे, शहरापासून बराच लांब, नेत्रावती एक्सप्रेसने येत असाल तर एर्नाकुलमपर्यंत जाऊ नका, अलुवाला उतरा, जवळ पडतं. आणि कोचीतलं जहाज विलिंग्डन आयलंडहून सुटतं, विमानाचा त्याच्याशी संबंध नाही. काही जण जाताना विमान आणि येताना जहाज करतात, मला ही आयडिया आवडते, बेटानुसार चौदा ते अठरा तास वगैरे लागतात पण समुद्र नीट बघून होतो. मात्र ज्याला बस लागते त्याने जहाजाच्या फंदात पडू नये.

शेड्यूल मात्र दर सीझनला बदलतं, सगळी फ्लाइट्स रोज नसतात, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच वार बघून मग राहायच्या तारखा ठरवा. विमान दीड ते दोन तासात पोचतं, कुठूनही.

बॅग भरताना

इथे खरंच लक्ष द्या. आखूड धावपट्टीवरून उडायचं म्हणजे विमान हलकं पाहिजे, म्हणून सत्तर-बहात्तर सीटच्या एटीआरमध्ये सुद्धा अगत्तीहून निघताना काही सीटा मोकळ्या ठेवाव्या लागतात. म्हणजे वजन हा काउंटरवरच्यांचा आवडता विषय. तिकिटावर चेक-इन किती किलो, हातात किती किलो लिहिलंय ते वाचा, साधारण १५ आणि ७ असतं, आणि घरीच काट्यावर मोजा. चाकांची कडक केबिन ट्रॉली एटीआरच्या वरच्या कप्प्यात बसत नाही हो, कप्पे लहान असतात, मऊ सॅक घ्या.

काय न्यायचं: सगळ्या कागदांच्या प्रिंट, परमिटच्या तीन तरी. नेटवर्क आता बरं आहे, जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालची केबल सुरू झाली, पण तुमच्या सिमला तिथे रेंज असेलच असं नाही, बीएसएनएल किंवा एअरटेल असेल तर बरं. रोख पैसे न्या. बेटावर बँक आहे, यूपीआय पण चालतं, पण ज्या दिवशी नेट गंडतं त्या दिवशी नारळपाणीवाल्याला काय देणार? नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची अधिक चार दिवसांची जास्त. उलटीची गोळी, बोटीसाठी.

शाकाहारी मंडळींनी होमस्टेला आधी कळवा. तिथलं जेवण म्हणजे टूना आणि नारळ, त्यातून वेळ उरला तर परत टूना. भाजीपाला मुख्य भूमीवरून येतो, जहाज लेट तर भाजी लेट. मेतकूट, भाजणी, खाकरे घ्या, वजनाला हलकं. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, नीट पॅक करून, हातात घेतलंत तर सिक्युरिटीला सोडून यावं लागेल.

काय न्यायचं नाही: दारू. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, बंगारमच्या रिसॉर्टचा अपवाद सोडला तर. गोव्याहून जाणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतोय, कारण दोन दिवस गोवा करून मग अगत्ती असा प्लॅन असतो आणि बॅगेत भावोजींसाठी घेतलेली फेणी पडलेली असते. ती येताना घ्या. ड्रोन पण परवानगीशिवाय नको.

विमानतळावर आणि विमानात

दोन तास आधी पोचा. चेक-इनला तिकीट आणि ओळखपत्राबरोबर परमिट मागतात, ते नसेल तर बोर्डिंग पास मिळत नाही, तिथे रडून ओरडून उपयोग नाही. ग्रुप असेल तर प्रत्येकाने आपापली प्रिंट आपल्या हातात ठेवा, सगळी एकाच काकांकडे आणि काका वॉशरूमला, असं होतं.

बसने विमानापाशी नेतात आणि चढायचं मागच्या दाराने. एटीआरचे पंख वर असतात, खिडकीच्या वर, म्हणून कुठल्याही खिडकीतून खाली दिसतं, हा या विमानाचा मोठा फायदा. आवाज पुढच्या बाजूला पंख्याच्या रेषेत जास्त, लहान मूल असेल तर मागे बसा. डावी खिडकी की उजवी, हा सगळ्यांचा प्रश्न. लगून, म्हणजे बेट आणि प्रवाळाची कडा यांच्यामधलं उथळ पाणी, बेटाच्या पश्चिमेला आहे. विमान नैऋत्येकडून उतरलं तर ते डावीकडे, ईशान्येकडून उतरलं तर उजवीकडे, आणि कुठून उतरायचं ते त्या दिवशीचा वारा ठरवणार. म्हणून कुठलीही खिडकी घ्या, पण खिडकी घ्या.

शेवटची पाच मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा असं मी म्हणेन, कोणी ऐकत नाही ते सोडा. आधी गडद निळा समुद्र, मग एकदम पांढरी फेसाची रेघ, ती प्रवाळाची कडा, आणि तिच्या आत फिकट हिरवं-निळं पाणी इतकं उथळ की तळाची वाळू दिसते. मग जमीन दिसेचना. विमान खाली येतंय, येतंय, खिडकीत दोन्ही बाजूला पाणीच, आणि पहिल्यांदा जाणारा माणूस शेजारच्याचा हात धरतो. चाकं टेकली की लगेच जोरात ब्रेक, पंख्यांचा आवाज एकदम चढतो, अंग पुढच्या सीटकडे ओढलं जातं. घाबरायचं काही नाही, आखूड धावपट्टीवर असंच थांबवतात. पट्टा मात्र घट्ट ठेवा आणि मांडीवरचा कॅमेरा हातात धरा.

उतरल्यावर

टर्मिनल छोटंसं आहे, उतरून चालतच आत जायचं. परमिट परत बघतात. फोटोचा मोह आवरा, धावपट्टीपाशी आणि सिक्युरिटीच्या आसपास विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

यानंतरचं काम बरेच जण विसरतात: परमिटची प्रत बेटावरच्या पोलीस स्टेशनला देऊन नोंद करायची. होमस्टेवाला हे करतो बहुतेक वेळा, पण "झालं का" म्हणून विचारून खात्री करा.

गाडीचं आधी ठरवून ठेवा. बाहेर टॅक्सींची रांग वगैरे नसते, काही रिक्षा असतात. होमस्टेवाला न्यायला येतो, त्याला फ्लाइट नंबर पाठवून ठेवा, तो विमान डोक्यावरून जाताना बघूनच निघतो. बेट लांबीला सहा-सात किलोमीटर आणि रुंदीला सगळ्यात जास्त तिथे किलोमीटरभर, त्यामुळे कुठेही राहिलात तरी लांब नाहीच. सायकल भाड्याने मिळाली तर घ्या.

गावातून फिरताना कपडे अंगभर असू देत, वस्ती मुस्लिम आहे आणि लोक शांत, मोकळे आहेत पण गावाच्या रस्त्याने पोहायच्या कपड्यात फिरणं त्यांना आवडत नाही, आपल्याला आपल्या गावात आवडेल का? शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, काही घ्यायचं तर आधी घ्या. भाषा मल्याळमच्या जवळची, हिंदी कामापुरती चालते. पाणी जपून वापरा. बेटावर नदी नाही, ओढा नाही, वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर आणि २०११ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट, एवढ्यावर सात-साडेसात हजार लोकांचं चालतं. अर्धा तास शॉवर घरी घ्या.

पुढच्या बेटांवर

बंगारम आणि तिन्नकरा बोटीने, अगत्तीहून जवळ आहेत, हवा चांगली असेल तर तासाभराच्या आत, स्पीडबोटने अजून लवकर. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, बोटवाला "काही नाही होत" म्हणाला तरी. कवरत्ती, कडमत वगैरेसाठी बेटांमधली स्पीड फेरी असते. हेलिकॉप्टर पण आहे, पण त्याच्यावर प्लॅन बांधू नका, पेशंटना आधी नेतात आणि तेच बरोबर आहे, ऐनवेळी तुमची सीट गेली तर चिडू नका.

परत येताना

लोक नेमके इथे अडकतात. अगत्तीला विमानं दिवसाउजेडीच ये-जा करतात. सकाळी खराब हवा असेल तर विमान थांबतं, दुपारपर्यंत उघडलं नाही तर त्या दिवशी कॅन्सल, कधी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतं. आणि पुढचं विमान उद्याच असेल असं नाही, परवा पण असू शकतं. त्यामुळे त्याच संध्याकाळचं कोची-मुंबई किंवा मोपा-पुणे तिकीट काढू नका, स्वस्त असलं तरी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं असतील तर पहिलं चुकल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. एक रात्र कोचीत किंवा गोव्यात ठेवा, फोर्ट कोचीत फिरा, मासे खा (परत मासे, हो). आणि सोमवारी ऑफिसला हजर व्हायचंच असेल तर रविवारचं अगत्ती फ्लाइट म्हणजे जुगार, शुक्रवारी नाहीतर शनिवारी निघा. कॅन्सल झालं आणि मुक्काम वाढला तर परमिटची तारीख संपत नाही ना ते बघा, संपत असेल तर होमस्टेवाल्याला घेऊन लगेच पोलीस स्टेशनला सांगा, गप्प बसू नका.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा उघडून बघा, मुलांच्या तर नक्की. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असो की किनाऱ्यावर सापडलेला असो, न्यायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये प्रवाळ पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. काही शंखशिंपल्यांनाही संरक्षण आहे, कुठला चालतो कुठला नाही हे आपल्याला ओळखता येत नाही, तर सगळेच तिथे ठेवा. स्कॅनरमध्ये दिसतं.

आठवण म्हणून काय आणायचं तर खोबरं-गुळाचा हलवा आणि सुकवलेला टूना, ज्याला तिथे मास म्हणतात. मास दोन-तीन पिशव्यांमध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर सगळे कपडे धुवावे लागतील, आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र घेऊ नका, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, आणि काउंटरवर चार किलो खोबरं बाहेर काढताना मागची रांग तुमच्याकडे बघत असते. घेतलंच असेल तर निघायच्या आधीच होमस्टेच्या काकूंना देऊन टाका, त्या त्याचं काहीतरी करतील.